निरगुडसरचा तंबू बर्फात

जुन्नर-आंबेगावला जाऊन आलो म्हटलं की पुण्यातली माणसं शिवनेरी, लेण्याद्री, ओझर अशी यादी सुरू करतात, आणि भीमाशंकर राहून गेलं हे कळल्यावर चुकचुकतात. माझं यातलं काहीच झालं नाही. मी घोडेगावच्या बाजूला मटार गोठवणाऱ्या एका कारखान्यात, शून्याच्या कितीतरी खाली गेलेल्या खोलीत, एका तंबूत मांडी घालून बसून आलो. बायकोने ऐकलं तेव्हा तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

माझं रविवार पेठेत चेन, बकलं आणि पट्ट्यांचं दुकान आहे. निरगुडसरच्या संगीताताई माझं जुनं गिऱ्हाईक. गावातच त्यांचं शिवणयंत्रांचं शेड आहे. ट्रॅक्टरची हुडं, पिकअपच्या ताडपत्र्या, कोल्डरूमचे जाड पडदे असलं दणकट काम तिथे होतं. त्यांचा हात इतका पक्का की त्यांनी शिवलेलं फाटलं असं मी आजवर ऐकलं नाही. त्यांचा एकुलता मुलगा ओंकार शिकायला म्हणून कॅनडात गेला, आणि हिवाळ्यात एका तळ्यावर कामाला लागला. तिथे तळं गोठलं की लोक बर्फाला भोक पाडतात, भोकात गळ सोडतात आणि माशाची वाट पाहत बसतात. वाऱ्याने माणूस गारठून मरू नये म्हणून भोकावर छत्रीसारखा उघडणारा तंबू उभा करायचा आणि आत गॅसची शेगडी लावायची. ओंकारचा मालक असे तंबू भाड्याने देतो. ते दर हिवाळ्यात मोडतात. कापड कडक होऊन तडकतं, फायबरचे रॉड काडीसारखे तुटतात, चेन जाम होते.

दिवाळीला ओंकार घरी आला तेव्हा आईने मोडक्या तंबूचे फोटो पाहिले आणि म्हणाली, हे काय काम आहे? जाताना त्याच्या सामानात तिने शिवलेला पहिला तंबू होता, आणि वर सुतळीचा एक गुंडा. दुसरा तंबू तिने इथे ठेवला. तो का, ते मला फोनवर कळलं.

"भाऊ, चेन तुमची, कापड माझं. पोरगं आत बसायच्या आधी आपुन दोघं बसून बघू."

मी चेन विकताना छातीठोकपणे सांगितलं होतं की ही कुठल्याही हवेत अडकत नाही. आता नाही म्हणायला तोंड नव्हतं.

निरगुडसर

शेडमध्ये पोचलो तेव्हा तंबू मधोमध उभा होता आणि शिवणाऱ्या बायका त्यात आळीपाळीने बसून चहा पीत होत्या. बाहेरून गडद निळा, आतून रजईसारखा. सुनंदा नावाची त्यांची सगळ्यात जुनी कारागीर मला प्रत्येक शिवण ओढून दाखवत होती. दुहेरी टीप, टोकाला उलटी टीप, वरून पट्टी. मी चेन वरखाली करून दाखवली. रनर लोण्यातून गेल्यासारखा गेला आणि मी उगीचच इकडेतिकडे पाहिलं.

संगीताताई मात्र हसत नव्हत्या. त्यांच्या गळ्यात लेसला बांधलेली कात्री असते, ती त्या सारखी उघडत-मिटत होत्या. म्हणाल्या, ट्रॅक्टरचं हूड फाटलं तर ट्रॅक्टर भिजतो, हे फाटलं तर माणूस. आधी वाऱ्यात बघायचं, मग थंडीत. वाऱ्यासाठी त्यांनी माहेरचा माळ निवडला होता.

पिंपरी पेंढार

त्यांचे वडील, नाना, अजून मेंढरं राखतात. आता दूर चाराईला जात नाहीत, पण उमर पालातच गेलेली. आम्ही व्हॅनमधून तंबू काढला तेव्हा नाना घोंगडी खांद्यावर टाकून आले, तंबूभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ह्याला बुड कुठाय? पालाला चारी बाजूंनी दगड लागतात, ते त्यांचं म्हणणं. बर्फावर दगड नसतात हे सांगितल्यावर त्यांनी तिथे राहणाऱ्या लोकांची कीव केली.

माळावर डिसेंबरचा वारा सुटला होता. ठरल्याप्रमाणे मी आत बसलो आणि चेन लावली. पहिला झोत आला तेव्हा सगळं कापड माझ्या अंगावर आलं आणि परत गेलं. दुसऱ्याला चेनचं खालचं टोक उघडलं, दार फडफडायला लागलं, आत वारा शिरला आणि तंबू फुगून चालायला लागला. मीही त्याच्याबरोबर. ओरडावं की चेन धरावी हे ठरेपर्यंत मी शेजारच्या कांद्याच्या वावरात होतो. ताईंनी मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या एका पायात चप्पल नव्हती. ती शेवटपर्यंत सापडली नाही, आणि पुढचा सगळा प्रवास मी नानांच्या कातडी वहाणांत केला.

नाना वाकून दार पाहत होते. म्हणाले, "वाऱ्याला दार दाखवायचं न्हाई, पावणं. आतल्या अंगानं सुतळी बांधा. भिजवून बांधा. भिजल्याली गाठ बसती ती बसतीच."

हे कुणालाही पटण्यासारखंच होतं. या भागात सुतळी कोरडी बांधतच नाहीत. टोमॅटोची झाडं तारेला बांधायची असोत नाहीतर कडब्याच्या पेंढ्या, गुंडा आधी बादलीत बुडतो. ओली सुतळी मऊ असते, गाठीत नीट बसते आणि वाळली की हलत नाही. ताईंनी तिथेच दाराच्या दोन्ही कडांना आतून सुतळीच्या नाड्या शिवल्या, डब्यातल्या पाण्यात भिजवल्या आणि बांधल्या. मी परत आत बसलो. या वेळी वाऱ्याने कितीही धडका दिल्या तरी दार चिरेबंद राहिलं.

तेवढ्यात ओंकारचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होत होती. त्याने मोबाइल फिरवून तळं दाखवलं: पांढरं, सपाट, कुठेही झाड नाही की माणूस नाही. म्हणाला, बर्फ आता चांगला जाड झालाय, आज रात्री तुझा तंबू घेऊन जातो, एकटाच, सकाळपर्यंत बसतो. ताईंनी कुठल्याही आईसारखं जेवण, स्वेटर सगळं विचारलं आणि मग दाराचं सांगितलं.

"मी सुतळी दिलीय ना? दाराच्या दोन्ही कडांना ओवून आतून बांध. अन् भिजवून बांध बरं का."

"व्हय आई," तो म्हणाला. मीही शेजारून मान डोलावली. नानाही डोलावत होते.

अंधार पडायच्या आत घरात जायची तिथे सगळ्यांनाच घाई असते. बाजूला ऊस उभा आणि उसात बिबट्या. नानांनी मेंढरं जाळीच्या आत घेतली आणि मोबाइलवर मोठ्याने भजन लावून तो जाळीच्या खांबाला टांगला. माणसाचा आवाज असला की बिबट्या जवळ येत नाही म्हणे. पुण्यात आम्ही कुत्रा भुंकला तर सोसायटीत तक्रार करतो. इथे एक अख्खं घर त्याच्या हिशेबाने उठतं-बसतं आणि त्याबद्दल फारसं बोलतही नाही. मला मात्र परसात जायचं होतं ते सकाळवर ढकललं.

कारखान्यात

कारखान्याचे पडदे ताईंनीच शिवलेले, त्यामुळे मालकाने एक रिकामी खोली वापरू दिली. माल भरण्याआधी ती थंड करून ठेवली होती. मात्र नियम सगळ्यांना सारखे. सुपरवायझरने फाटकावर आमच्याकडून मोबाइल, किल्ल्या, माझा छोटा चाकू आणि ताईंच्या गळ्यातली कात्री काढून घेतली. खाण्याच्या मालात धातूचा तुकडा गेला तर अनर्थ होतो. कात्री देताना ताईंनी लेस दोनदा गुंडाळली. चहाचा थर्मास आणि पाण्याची बाटली तेवढी त्याने हो-ना करत सोडली.

दुसऱ्या दिवसाची दुपार होती, म्हणजे ओंकारच्या तळ्यावर मध्यरात्र.

खोलीत पाऊल टाकलं आणि नाकातले केस ताठ झाले. महाबळेश्वरची थंडी वगैरे सगळं त्या क्षणी विसरलो. ही थंडी लागत नाही, ती चावते. कारखान्याने दिलेले जाड कोट आणि हातमोजे घालून आम्ही तंबू उघडला. बर्फाचा भार म्हणून ताईंनी छतावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. मग आम्ही आत गेलो, मी चेन लावली, त्यांनी नाड्या बांधल्या. बांधण्याआधी त्यांनी थर्मासच्या झाकणात बाटलीतलं पाणी घेतलं आणि नाड्या त्यात बुडवल्या. माझ्यासमोर बुडवल्या, आणि मला काहीही खटकलं नाही.

सुपरवायझर बाहेर होता. थोड्या वेळाने दार उघडून बघतो म्हणाला होता. पण गार हवा फेकणाऱ्या पंख्यांचा आवाज असा की शेजारी बसलेल्या ताईंचं बोलणंही मला ओठांवरून वाचावं लागत होतं.

सुरुवातीला आम्ही खुशीत होतो. कापड कडक झालं, पण तडकलं नाही. ताई हातमोज्याने शिवणींवर दाबून पाहत होत्या. आमच्या श्वासाची वाफ आतल्या बाजूला पांढरी होऊन चिकटत होती, छतावर, चेनवर. मी ती गंमत म्हणून पाहत होतो. मग डोक्यावर टाळी वाजल्यासारखा आवाज झाला. एक रॉड मोडला होता. पाठोपाठ दुसरा. छत वाळूसकट खाली आलं आणि माझी मान गुडघ्यांत गेली.

मी चाचपडत रनर धरला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. चेनच्या दातांत माझाच श्वास गोठून बसला होता. ताई नाड्यांशी झटत होत्या, आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं की तिथलंही काही खरं नाही. ओल्या सुतळीची तार झाली होती. गाठ बोटांना लागतच नव्हती. त्यांनी हातमोजा काढून नख घातलं, ते मोडलं. हात नकळत गळ्याकडे गेला, पण तिथे कात्री नव्हती. मी कापड फाडायला दोन्ही पाय लावून रेटलं. संगीताताईंची शिवण. ती कुठून फाटणार?

मी ओरडलो. पंख्यांनी ते गिळून टाकलं. मी घाबरलो, हे सरळच सांगतो. माझ्या मनात आलं की उद्या पेपरात येईल, रविवार पेठेतला व्यापारी आपल्याच चेनमुळे गोठला.

ताई माझ्याकडे सरकल्या आणि कानाशी तोंड आणून बोलल्या. मला वाटलं बाहेर पडायची काही युक्ती सांगताहेत.

"भाऊ, मी त्याला भिजवून बांधायला सांगितलंय."

तेव्हा मला समजलं. आमच्या बाहेर निदान एक सुपरवायझर होता, कधी ना कधी दार उघडणारा. ओंकारच्या बाहेर मैलोन्‌मैल बर्फ होता. आणि आत पेटती शेगडी. त्याचाही रॉड असा मोडला आणि छत शेगडीवर आलं, तर दार आतून बांधलेलं असणार, भिजवून, आईने सांगितलं तसं.

थर्मास माझ्या मांडीखाली कुठेतरी रुतत होता म्हणून मला आठवला. मी झाकण काढलं आणि गरम चहा सरळ खालच्या गाठीवर ओतला. ताईंनी ती गाठ लगेच दातांत धरली आणि सोडवली. दुसरी, तिसरी. चहा ओतला की क्षणभर सुतळी मऊ पडायची, जरा उशीर झाला की पुन्हा तार. उरलेला चहा मी चेनवर रिकामा केला आणि रनर ओढला. तो वीतभर गेला, अडकला, अजून वीतभर गेला. त्या भोकातून आधी ताई आणि मग मी, पोटावर सरपटत बाहेर आलो. माझ्या कोटाला साखरेचा चिकट चहा लागून गोठला होता. आम्ही दारापर्यंत पोचतो तोच सुपरवायझर दार उघडून आत आला आणि हसत विचारता झाला की कसा काय टिकला तंबू.

ताईंनी त्याला बाजूला सारलं. मोडलेल्या तंबूकडे वळूनही पाहिलं नाही. त्या फाटकाकडे धावत होत्या, त्यांच्या मोबाइलकडे.

शिनोली

फोन वाजत होता, उचलला जात नव्हता. ताईंनी पुन्हा लावला. पुन्हा. मग मेसेज पाठवला: नाडी सोड, दार उघडं ठेव. त्यावर दोन खुणा उमटल्या, पण त्या निळ्या होईनात.

जेवण शिनोलीला ताईंच्या थोरल्या बहिणीकडे, मालनताईंकडे ठरलेलं होतं. न जाऊन तरी काय करणार, म्हणून गेलो. गाडी मी चालवली. ताई बाजूला बसून फोन लावत राहिल्या. त्या बाजूला जसजसं जावं तसतसे डोंगर जवळ येतात आणि मोबाइलची रेंज लांब जाते. मालनताईंच्या घरात रेंज फक्त गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीला पाठ टेकून उभं राहिलं तर. ताई तिथे जाऊन उभ्या राहिल्या त्या खाली उतरल्याच नाहीत.

मालनताईंनी मासवडी केली होती. बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण, सोबत तिखटजाळ रस्सा आणि बाजरीची भाकरी. एरवी या जेवणासाठी मी पुण्याहून चालत आलो असतो. मालनताईंनी ताट वाढलं आणि स्वतः जिन्याच्या पायरीवर बसून वर पाहत राहिल्या. मी दोन घास खाल्ले. जिभेला चव होती, पण घास गिळताना वाटत होतं की आपण चोरी करतोय.

मग मीही वर गेलो. खाली खाचरांत भाताची कापणी होऊन नुसते धस उरले होते. मी म्हणालो, झोपला असेल. ताई म्हणाल्या, "तो बसायला गेलाय भाऊ, झोपायला न्हाई." मग स्वतःशीच म्हणाल्या, चेन काय, रॉड काय, वस्तू हाय, मोडंल. पण सुतळी मी सांगितली. नानांनी मला सांगितली, मी त्याला सांगितली. असं म्हणून त्यांनी पुन्हा फोन लावला.

ऊन डोंगरामागे गेलं. तिकडे आता उजाडायला हवं होतं. मी मनात त्या पांढऱ्या तळ्यावर सूर्य आणून पाहत होतो. खालून मालनताई चहा घेऊन आल्या. चहा पाहून ताईंनी तोंड फिरवलं.

फोन वाजला तेव्हा तो ताईंच्या हातातून सुटून टाकीवर आपटला. मी उचलून स्पीकर लावला. ओंकारचा आवाज आला, दमलेला.

"आई, एवढे मिसकॉल? मोबाइल गाडीत पिशवीत व्हता, आवाज बंद. रागवू नको, तुझा तंबू फाडला."

ताईंनी मोबाइल माझ्या हातासकट जवळ ओढला. तोच बोलत राहिला. मध्यरात्रीनंतर वारा सुटला, एक रॉड मोडला, छत शेगडीकडे झुकायला लागलं. त्याने शेगडी विझवली आणि दार सोडायला गेला तर सुतळी लोखंड झालेली. चेन तर आधीच गेलेली. मासे कापायचा चाकू हाताशी होता. मग गाडीत येऊन हीटर लावला, तसा त्याचा डोळा लागला तो सकाळीच उघडला.

"बरं केलंस," ताई म्हणाल्या. मग डोळे पुसले, आणि माझ्या आयुष्यात मी ऐकलेला शिंप्याला सगळ्यात शोभणारा प्रश्न विचारला. "कुठून फाडलास?"

"आधी शिवणीवर चाकू चालवला. चालंना. मग कापडातून, खिडकीखाली. लई वेळ लागला आई."

लई वेळ लागला, हे ऐकताना ताईंनी माझा दंड धरला होता. बोटं अजून गारच होती. फोन ठेवल्यावर त्या तिथेच टाकीला टेकून खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या. मालनताईंनी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, काही कारण नसताना, भाताचे धस पाहत उभा राहिलो. माझेही डोळे भरले होते.

त्यानंतर आम्ही तिघांनी जेवण केलं. मासवडी गार झाली होती. मी सहा खाल्ल्या.

पुन्हा निरगुडसर

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मोडका तंबू टेबलावर पसरला होता. मी मोठ्या दातांच्या जाड चेनचे नमुने पुण्याहून पाठवायचं कबूल केलं. रॉड बदलायचे ठरले. नाड्या ताईंनी स्वतः कापून टाकल्या आणि नानांना फोन करून सांगितलं की बर्फात सुतळी चालत नाही. नाना म्हणाले असावेत की मग तो देशच चुकीचा आहे, कारण ताई बऱ्याच वेळाने पहिल्यांदा हसल्या.

मग त्यांनी खिडकीखाली, ओंकारने फाडलं असेल त्या जागी, माणूस सरपटत बाहेर पडेल एवढी उभी चीर दिली. ती नुसत्या धावदोऱ्याने टाचायची, लाल दोऱ्याने, आणि दोऱ्याचं टोक आत लोंबतं ठेवायचं, म्हणजे ओढलं की सगळं उसवलं पाहिजे. वारा अडवायला बाहेरून कापडाची सैल पट्टी. ते काम सुनंदाला दिलं. सुनंदाने टाचलं, आणि शेवटाला, हाताला सवय होती म्हणून, उलटी टीप मारून टाका पक्का केला.

मोडक्या रॉडना काठ्या बांधून तंबू उभा केला आणि ताईंनी मला आत बसवलं. मी लाल दोरा ओढला. दोरा तुटून हातात आला, चीर तशीच बंद.

मी बाहेर आलो तेव्हा सुनंदा ओशाळून उभी होती. म्हणाली, तुमीच शिकवलंय ताई, शेवट कच्चा सोडायचा न्हाई. ताईंनी गळ्यातली कात्री तिच्या हातात दिली आणि टाका उसवायला लावला. रागावल्या नाहीत. जवळ उभ्या राहून म्हणाल्या, "हितं पक्कं शिवलंस, तर माझ्या पोराला कोंडशील."

सुनंदाने पुन्हा टाचलं, या वेळी हळू, एकेक टाका सैल ठेवत. मी पुन्हा आत बसलो. दोरा ओढला, आणि समोर चीर पडून शेडमधला उजेड आत आला. बाहेर ताई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, आता एकदा हातमोजे घालून ओढा, भाऊ.